कोटींच्या बातमीत हरवलेला कंस

१९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. ६,००३.६५ कोटी रुपयांचा आकडा देशभर गाजला. ‘क्वांटम’ म्हणजे नेमके काय बदलते, हे सांगण्याची तसदी मात्र फार थोड्या बातम्यांनी घेतली. त्यातले गणित वाचकाला झेपणार नाही, असा बचाव नेहमी केला जातो. हा बचाव वाचकाचा अपमान आहे.

तीन राशींच्या गुणाकारात कंस कुठेही घातला तरी उत्तर तेच येते : (अब)क = अ(बक). हे साहचर्य शाळेतच शिकवले जाते. आता या गुणाकारालाच किंचित वाकवायचे. ‘अब’मध्ये एका लहान राशीच्या पटीत नवे पद मिळवले, तर साहचर्य टिकेल काय? गेरहार्ड होखशिल्ड यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या कोहोमॉलॉजीत याचे उत्तर आहे, हे मरे गर्स्टनहेबर यांनी १९६४ मध्ये दाखवले. तिचा दुसरा गट पहिल्या पायरीवरचे खरोखर नवे बदल मोजतो. पुढच्या पायऱ्यांवरचे अडथळे तिसऱ्या गटात आढळतात. दुसरा गट शून्य असेल, तर ते बीजगणित ताठ असते. कितीही वाकवा, मूळ रूपच वेष बदलून परत येते. चौरस मॅट्रिक्सचे बीजगणित असेच ताठ आहे.

अभिजात भौतिकीत स्थान आणि संवेग यांचा गुणाकार कोणत्याही क्रमाने करता येतो. क्वांटम भौतिकीत क्रम बदलताच फरक पडतो, आणि तो प्लांकच्या स्थिरांकाच्या प्रमाणात असतो. अभिजात बीजगणिताला वाकवणारी लहान राशी ती हीच. असे विरूपण प्रत्येक पॉयसाँ मॅनिफोल्डवर शक्य आहे, हे माक्सिम कोन्त्सेविच यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले.

‘याचा उपयोग काय?’ असे विचारताच गणिताचे कैवारीही ‘आज नाही, उद्या होईल’ असे ओशाळवाणे उत्तर देतात. ते त्यांनी सोडून द्यावे. या सिद्धांतातून क्वांटम संगणक बाहेर पडत नाही. तसा आव आणणे ही फसवणूक ठरेल. कोणता बदल शक्य आणि कोणता अशक्य, हे प्रयत्नाआधीच सांगणारे ज्ञान स्वतःच्या बळावर उभे असते. त्याला उद्याच्या यंत्राची जामीनकी लागत नाही.

कोटींचा आकडा विद्यार्थ्याला दिपवतो, शिकवत काहीच नाही. विज्ञानवार्तेने त्याच्या हाती निदान तो कंस तरी द्यावा. सरकवून पाहण्याचे काम तो स्वतः करील.