मधला किट घ्यायचा, पण मोठ्या आईला सांगून

मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल, पण बोअर न होणारं द्या असं संपादक मंडळाचं म्हणणं होतं. मग घ्या, वाईनचा किट! बॉईज हॉस्टेलच्या पब्लिकने लगेच टाळ्या वाजवू नयेत. रेक्टर सरांनीही हे पान फाडू नये, कारण किट कॅनडात आहे. तिथे माझा चुलत दादा नोकरी करतो. आम्ही मूळचे मालेगावचे. नाशिकच्या नव्हे, वाशिमच्या, शिरपूर जैनच्या जवळच्या. (हे स्पष्टीकरण मी फर्स्ट इयरपासून देतेय.)

कॅनडात स्वतःपुरती वाईन घरी करायला कायद्याने परवानगी आहे. दुकानात किटचे तीन थर मिळतात, स्वस्त, मधला आणि महाग. तिन्हींतून साधारण २३ लिटर म्हणजे तीसेक बाटल्या होतात. दादाने विचारलं, "तू इंजिनिअर होणार ना, सांग कोणता घेऊ?" आपला मध्यमवर्गीय माणूस साडीपासून मिक्सरपर्यंत मधलंच उचलतो, आणि दुकानदाराला ते पक्कं माहीत असतं. म्हणून मी आधी कारण शोधलं.

फरक असतो तो द्राक्षरसाचा. स्वस्त किटमध्ये पाच-सात लिटर घट्ट रस येतो, बाकी पाणी तुम्ही ओतायचं. मधल्यात दहा-बारा लिटर, महागात सोळा-अठरा. रस कमी तर वाईन पातळ, हे आपल्या मेसच्या वरणावरून कोणालाही कळेल. महागाची गोची वेगळी. ती वाईन वर्षभर मुरू दिली तरच पैसे वसूल होतात, आणि पहिल्यांदा करणारा माणूस दोन महिन्यांत बूच काढतो. म्हणून माझं मत मधल्याला. उरलेले पैसे मोबाईलला जोडायच्या थर्मामीटरवर न घालवता हायड्रोमीटर आणि दुसऱ्या मोठ्या भांड्यावर घालवावेत, कारण तळाचा गाळ सोडून वाईन हलवायला भांडं लागतंच.

हायड्रोमीटर म्हणजे आपल्या डेअरीतल्या लॅक्टोमीटरचा सख्खा भाऊ. सुरुवातीला रसाची घनता १.०८५ च्या आसपास दाखवतो. यीस्ट साखर खात जातं तसा आकडा उतरतो आणि ०.९९५ च्या जवळ थांबतो. दोन्हींतला फरक १३१ ने गुणला की अल्कोहोलची टक्केवारी मिळते, इथे पावणेबारा. सलग दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की समजायचं, काम संपलं. हे न बघता बाटलीत भरणारे लोक बॉम्ब भरतात! लिटरभर रसात २०० ग्रॅम साखर असेल तर तिच्यातून पन्नास लिटरच्या वर कार्बन डायऑक्साईड निघतो. तो बाहेर जावा आणि हवा आत येऊ नये एवढ्यासाठी एअरलॉक असतो. आता कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण घट्ट पिळून ती कॉटखाली ठेवणाऱ्यांनी हा हिशेब स्वतः करावा. शिवाय यीस्टला बेताचं तापमान लागतं. आमच्याकडच्या मे महिन्यात ते बिचारं काय करणार?

"दारू घरी केली तर डोळे जातात" हे मात्र खरं नाही. फळांच्या रसात मिथेनॉल नगण्य बनतं. २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली ती औद्योगिक मिथेनॉलने, कोणाच्या घरच्या द्राक्षांनी नव्हे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे ख्रिसमसला मनुकांची घरगुती वाईन हा फराळाचाच भाग मानणारी घरं मी पाहिली, आणि मिस्साच्या वाईनसाठी तर कायद्यातही वेगळी सोय आहे. बाकीच्यांना मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, लायसन्सशिवाय घरी वाईन केली की गुन्हा. आणि पिण्याचं म्हणाल तर मी वीस वर्षांची, बियरचं वयसुद्धा एकवीस. २०२२ च्या जानेवारीत सरकारने मोठ्या दुकानांत वाईन विकायचा निर्णय घेतला, विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. तेव्हा शहरातले लोक हसले, "वाईन म्हणजे काय दारू आहे का?"

मला ते हसणं पटत नाही. विदर्भात वर्धा आणि गडचिरोली हे दोन जिल्हे आजही दारूबंदीचे आहेत, आणि गावोगावच्या बायका मतदानाला उभं राहून 'आडवी बाटली' करतात. त्यांना घनता शिकवायची गरज नाही. पगाराच्या दिवशी घरात काय येतं आणि काय येत नाही, हा हिशेब त्या आपल्यापेक्षा जास्त चांगला मांडतात. म्हणून हॉस्टेलवाल्यांनी "कायदाच जुना आहे" म्हणून माझा लेख पुढे करू नये.

दादाची एक अट होती, "मोठ्या आईला सांगू नकोस." मोठी आई म्हणजे त्याची आई, माझी काकू. मी म्हटलं, किट कोणताही घे, पण जी गोष्ट कायद्याने चालते ती आईपासून लपवावी लागत असेल तर मधला काय नि महाग काय, घेऊच नकोस. दोन आठवडे फोन नाही. मग त्यानेच तिला सांगितलं.

मोठी आई म्हणाली, "काऊन रे बाप्पा, एवढ्या दूर जाऊन हेच शिकला का?" त्याने बादली, एअरलॉक, हायड्रोमीटर सगळं व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती गप्प राहिली. रोज किती पेणार, कोणासंग पेणार, दुसऱ्या दिवशी ड्युटी असते का, असे तीन प्रश्न तिने विचारले, आणि तिसऱ्याचं उत्तर त्याला नीट देता आलं नाही. परवा तिने मला फोन केला. तीस बाटल्या किती दिवस पुरतात, हे तुझ्या त्या काचेच्या कांडीवर दिसते का, असं विचारत होती.