पोरांचा ओव्हरटाईम आणि आपल्या फडातले तास



आपल्या कित्येक घरांतला एखादा मुलगा आज अंबरनाथ नाहीतर बदलापूरच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे आहे. कुणी उल्हासनगरात जीन्स शिवतो. सणाला गावी आला की रडगाणं एकच: पाळी बारा तासांची, जादा तासांचे पैसे मात्र साध्याच दराने.

हे बेकायदा आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याला 48 तास ठरवले आणि वरच्या कामाला दुप्पट दर. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली, तिच्यातही दुप्पटच. हिशेब करून पाहा. तासाला 60 रुपये धरा. जेवणाची सुट्टी सोडून 12 तास, सहा दिवस, म्हणजे 72 तास. जादा झाले 24. साध्या दराने 1440 रुपये, कायद्याने 2880. कंत्राटदाराने बुडवले तर देणं मूळ मालकावर येतं, त्याला हात वर करता येत नाहीत. पोराला सांगा, रोजचे तास वहीत तारीखवार लिही, पगारपत्रक मागून घे.

हॉटेलातल्या पोरांचंही तेच. अमेरिकेचा केंद्रीय कायदा टिप मिळणाऱ्याला 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर ठेवू देतो, बाकीचं टिपमधून भरायचं. आपल्याकडे मालकाला असली सवलत नाही. टिप गिऱ्हाइकाची, पगार मालकाचा.

शिलाईवाल्याला मजुरी नगावर. उक्त्या कामाला कसलं आलंय किमान वेतन, असं शेठ ऐकवतो. पण नगाचा किमान दर ठरलेला नसेल, तर मजुरी वेळेच्या किमान वेतनाखाली जाता कामा नये, हे कायद्यात स्पष्ट आहे.

आता थोडं कडू. आपल्या फडातला तोडणीवालाही उक्त्यावरच, टनावर. अंधार असतानाच फडात उतरायचं, रात्री वाहन आलं तर रात्री भरायचं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्के वाढला, बरं झालं. पण एका कोयत्यामागे नवरा-बायको दोघं राबतात, त्यांचे तास कोण मोजतो? मुकादम उचल मोजतो, चिटबॉय टन मोजतो, आणि आपण ऊस कधी जातो याचे दिवस मोजतो.

येत्या वार्षिक सभेत माझा ठराव आहे: तोडणीच्या चिठ्ठीवर दोन रकाने वाढवावेत, माणसं किती आणि तास किती. त्यावरून किमान वेतन पडत नाही असं दिसलं तर फरक द्यावा लागेल, आणि तो शेवटी आपल्याच बिलातून जाईल, हे मला ठाऊक आहे. तरीही मांडणार. अनुमोदक हवा आहे.