मैदानाकाठचे मनोरे

शहराच्या मध्यावरील क्रीडांगणालगत दुकाने, कचेऱ्या व निवासी गाळे एकत्र सामावणारे मनोरे उभारण्याची कल्पना मोहक खरी. पण ती नवी नव्हे. १९३७ साली खुल्या झालेल्या मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमच्या अंगालाही दुकाने व कचेऱ्या आहेतच. आमचा आक्षेप उंचीला नाही. प्रश्न वाटांचा आहे.

गिरणगावात गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उठले, पण एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पूल अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे तेवीस जण चेंगरून मेले. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत अकरा जण दगावले. पहिली गर्दी रोजची, दुसरी एका दिवसाची. मनोरा मैदानाला खेटला की या दोन्ही गर्दी एकाच रस्त्यावर येतात.

म्हणून पादचारी पूल, रुंद पदपथ आणि रुग्णवाहिकेची मोकळी वाट आधी सिद्ध व्हावी. भोगवटा प्रमाणपत्र त्यानंतरच मिळावे. ही अट पालिकांनी बांधकामाच्या परवानगीतच घातली पाहिजे. एल्फिन्स्टनला लष्कराने नवा पूल बांधून दिला खरा. पण तो २०१८ साली, कित्येक घरांवर आकाश कोसळल्यानंतर.