कपाटात न मावणारे यश

चिपळूणहून कुंभार्ली घाटाच्या दिशेने निघाले, की वाशिष्ठी नदी काही अंतरापर्यंत वाटसरूची सोबत करते. दोन्ही अंगांना डोंगर असून त्यांच्या उतारांवर लहान लहान वाड्या विखुरलेल्या दिसतात. एखाद्या वाडीच्या टोकाला जांभ्या दगडाची, कौलारू छपराची शाळा असते. पहिलीपासून सातवीपर्यंतचे सारे वर्ग मिळून पट जेमतेम तीस-पस्तीस, शिक्षक दोन किंवा तीन. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता शेजारी शेजारी बसतात. अशा शाळेत कोणी पाहुणा आला, म्हणजे त्याची दृष्टी प्रथम मुख्याध्यापकांच्या खोलीतील काचेच्या कपाटाकडे जाते. त्यात दोन-तीन ढाली, एखादा चषक आणि रंग उडालेली काही प्रशस्तिपत्रके असतात. पाहुणा ती पाहतो आणि मनाशी ठरवून टाकतो, ‘शाळा लहान, तेव्हा तिचे यशही लहानच!’

हा निर्णय घाईचा आहे. शाळेचे यश म्हणजे काय, आणि ते कशाने मोजावे, याचा विचार त्या पाहुण्याने केलेलाच नसतो. चषक हे यशाचे एक चिन्ह खरे. परंतु चिन्ह म्हणजेच यश असे समजणे, हे देवळाच्या कळसालाच देऊळ समजण्यासारखे आहे.

खेळाचेच उदाहरण घ्यावे. खोखोच्या सामन्यात एका संघाचे नऊ खेळाडू मैदानात उतरतात. हजार मुलांच्या शाळेत हे नऊ जण निवडले, की उरलेल्या नऊशे एक्क्याण्णव मुलांच्या वाट्याला बहुधा टाळ्या वाजविणेच येते. वाडीवरच्या शाळेत मात्र पाचवी ते सातवीच्या साऱ्या मुली मोजल्या, तरी नऊ भरतातच असे नाही. मग जी मुलगी चारचौघांत धावायला लाजते, तिलाही चौकात बसावे लागते, आणि पाठीमागून ‘खो’ मिळाला की उठून जिवाच्या आकांताने पळावे लागते. असा संघ केंद्राच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरेलही. कपाटात त्या दिवशी काही जमा होणार नाही. तथापि, सकाळी भिंतीला टेकून उभी राहणारी मुलगी संध्याकाळी सोबतिणींबरोबर हरलेल्या सामन्याची चर्चा करीत घरी गेली, तर त्या दिवशी शाळेने काहीच कमावले नाही असे कोण म्हणेल?

परिपाठाचीही गोष्ट अशीच आहे. वर्षात शाळा सुमारे दोनशे वीस दिवस भरते. रोज एका विद्यार्थ्याने उभे राहून बातम्या वाचावयाच्या असे ठरविले, तर हजारांच्या शाळेत तीन-चतुर्थांशांहून अधिक मुलांची पाळी वर्षभरात येणारच नाही. पस्तीस मुलांच्या शाळेत तीच पाळी प्रत्येकाला सहा वेळा येते. पहिल्या वेळी त्याचा आवाज कापतो, दुसऱ्या वेळी तो शब्द गाळतो; परंतु सहाव्या वेळेपर्यंत त्याला आपल्या आवाजाची ओळख झालेली असते. ज्याला चार लोकांसमोर उभे राहून स्वच्छ बोलता येते, तो पुढे ग्रामसभेतही मान खाली घालून बसत नाही.

या रत्नागिरी जिल्ह्यानेच याचा एक मोठा दाखला दिला आहे. 1858 साली जन्मलेला धोंडो केशव कर्वे हा मुलगा दापोलीजवळच्या मुरुड गावी लहानाचा मोठा झाला. गावाची शाळा लहान, घरची स्थिती गरिबीची. पण सोमण नावाच्या शिक्षकांनी मुलांना केवळ पुस्तकांत कोंडून ठेवले नाही. गावातील लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम या मुलाने विद्यार्थिदशेतच केले. त्याबद्दल त्याला ढाल मिळाली नाही. मात्र जगात काय चालले आहे ते समजून घ्यावे, आणि समजले ते दुसऱ्यांना सांगावे, हा धडा तो त्या वाचनातून शिकला.

पुढे 1875 साली एका सरकारी परीक्षेला बसण्यासाठी तो सोबत्यांसह साताऱ्यास निघाला. भर पावसात, सह्याद्री ओलांडून, शंभराहून अधिक मैल ही मुले पायी गेली. वेळेवर पोहोचलीही. परंतु परीक्षेला बसण्यास वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागत, आणि धोंडो अंगाने इतका किरकोळ होता, की परीक्षकांना त्याचे वय खरे वाटेना. दाखला जवळ असूनही त्याला परत पाठविण्यात आले. त्या दिवशीच्या हिशेबात हा प्रवास निव्वळ अपयशाचाच होता. मुरुडच्या शाळेच्या कपाटात त्यासाठी काही ठेवता आले नसते. तरी तोच मुलगा पुढे महर्षी कर्वे झाला. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, 1916 साली महिलांचे विद्यापीठ स्थापन केले, आणि 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. साताऱ्याच्या वाटेवर जी चिकाटी दिसली, तीच त्यांना जन्मभर पुरली. शाळेने दिलेले असे धन प्रगतिपुस्तकात उतरविता येत नाही.

लहान शाळेला आणखी एक सोय असते. तिच्या चार भिंतींबाहेर पाऊल टाकले की गाव सुरू होते. चिपळूणच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही चैत्र-वैशाखात कित्येक वाड्यांवर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. डोंगरावरून धावत आलेले पाणी थांबत नाही, हे याचे कारण. म्हणून पाऊस सरला आणि पऱ्याची धार मंदावली, की अनेक गावांत वनराई बंधारे घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरून, तोंड शिवून, त्या प्रवाहात आडव्या रचावयाच्या, एवढेच त्याचे तंत्र. अशा कामात शाळेची मुलेही हातभार लावतात. एक गोणी तीन मुलांना मिळून उचलावी लागते. पण बंधाऱ्यामागे पाणी साठून जवळच्या विहिरीची पातळी टिकली, गुरांना पाणी मिळाले, परसातील भाजी तगली, म्हणजे ‘पाणी अडवा’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मुलांच्या दृष्टीने खरे होते.

पाऊस मोजणे हेही असेच बिनखर्चाचे काम आहे. शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक ठेवावा, ठरल्या वेळी त्यातील पाणी मोजावे आणि आकडा वहीत मांडावा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. येथे आषाढात एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडणे नवलाचे नाही. म्हणजे शाळेचे छप्पर शंभर चौरस मीटरचे असेल, तर एकट्या त्या छपरावरून एका दिवसात दहा हजार लिटर पाणी वाहून जाते! हे गणित ज्याने स्वतः मापून सोडविले, तो ते विसरणार नाही. शिवाय या नोंदींना केवळ गणिताचेच मोल आहे असे नाही. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि बाजारपेठ बुडाली. 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदाही त्या पाण्यात सापडली. डोंगरात किती पाऊस पडला, ओढे-नाले केव्हा भरले, खाडीला भरती केव्हा होती, या गोष्टी एकत्र पाहिल्यावाचून पुराचे कोडे उलगडत नाही. वाडीवाडीच्या शाळेने वर्षानुवर्षे ठेवलेली पावसाची वही अशा वेळी एखाद्या चषकाहून अधिक उपयोगी ठरेल.

नोंद ठेवणाऱ्या माणसांनी काय साधते, हे मंडणगड तालुक्यातील वेळास गावी पाहावयास मिळते. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसे व कोल्ही-कुत्री पळवून नेत. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तेथे संरक्षणाचे काम हाती घेतले आणि गावकऱ्यांनी त्याला साथ दिली. पहाटे उठून किनारा चालावयाचा, कासवाचा माग शोधावयाचा, अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवावयाची आणि तारीख लिहून ठेवावयाची. मग सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर पडली, की ती समुद्राकडे जाऊ द्यावयाची. या कामात टाळ्यांचा गजर नाही. परंतु निरीक्षण, नियमितपणा आणि प्रामाणिक नोंद हे तीन गुण शाळेतच अंगी बाणावे लागतात.

याचा अर्थ स्पर्धा वाईट, परीक्षा निरुपयोगी, असा मात्र कोणी काढू नये. आठवीत शिकणाऱ्या गरीब घरच्या विद्यार्थ्यांसाठी जी राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा घेतली जाते, तीत निवड झालेल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. मोलमजुरी करणाऱ्या घराला ही रक्कम फार मोठी आहे. तिच्यामुळे एखाद्या मुलीचे शिक्षण सुटता सुटता राहते. रत्नागिरी जिल्हा परिषदेने अलीकडच्या वर्षांत आपल्या शाळांतील निवडक मुलांना परीक्षा घेऊन इस्रो आणि अमेरिकेतील नासा या संस्था दाखविण्याचा उपक्रम केला. वाडीवरच्या मुलाने अग्निबाण बनविणारे कारखाने पाहावेत, ही गोष्ट कोणालाही अभिमानाची वाटेल. परंतु असा प्रवास थोड्यांच्याच वाट्याला येतो. जो जाऊन आला, त्याने शाळेत परत येऊन आपल्या सोबत्यांना जे पाहिले ते समजावून सांगितले, तर एकाचे यश सर्वांचे होते. न सांगितले, तर ते त्याच्यापुरतेच राहते.

लहान शाळेच्या उणिवाही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दोन शिक्षकांना सात इयत्ता सांभाळाव्या लागतात. प्रयोगशाळा नसते, ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी पेटी असते. बरोबरीची मुले थोडी, त्यामुळे आपण किती पाण्यात आहोत हे मुलांना कळत नाही, आणि मोठ्या शाळेत गेल्यावर ती बुजतात. अशा शाळा बंद करून त्यांच्या जागी मोठ्या समूहशाळा उभाराव्यात, असा विचार 2023 साली राज्यात पुढे आला. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचा त्यात विचार होता. त्यामागील हेतू मुलांना अधिक सोयी मिळाव्यात हा होता, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु अंतर केवळ किलोमीटरने मोजून भागत नाही. सपाट मुलखातील तीन किलोमीटर आणि श्रावणात दोन पऱ्ये ओलांडून, साकवावरून आणि निसरड्या पाखाडीने चालावयाचे तीन किलोमीटर, ही एकच वाट नव्हे. वाडीतील शाळा गेली, तर मोठी मुले कशीबशी जातील. पण लहानग्यांचे, आणि विशेषतः मुलींचे, काय होईल, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

त्यापेक्षा शेजारच्या चार लहान शाळांनी महिन्यातून एकदा एकत्र यावे, एकमेकींची पुस्तके वाचावीत, मिळून सामने खेळावेत, हा मार्ग अधिक बरा. चौघींनी मिळून एक हस्तलिखितही काढावे. अमळनेरच्या छात्रालयात शिक्षक असताना साने गुरुजींनी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले होते. त्यासाठी छापखाना लागला नाही. कागद, शाई आणि रोज लिहिण्याची निष्ठा एवढेच लागले. गुरुजी स्वतः दापोली तालुक्यातील पालगडचे. कोकणातील मुलांना तो वसा परका वाटण्याचे कारण नाही.

राहता राहिला कपाटाचा प्रश्न. ढाली व चषक त्यात अवश्य असावेत, आणि त्यांच्यावरची धूळही वेळोवेळी पुसावी. परंतु कपाटाशेजारी एक जाड वही ठेवावी. शाळेतील प्रत्येक मुलाच्या नावाचे एक पान तीत असावे, आणि पूर्वी न येणारी कोणती गोष्ट या वर्षी त्याला येऊ लागली, ते त्या पानावर लिहावे. कोणी पोहावयास शिकला असेल, कोणी आजीला पत्र वाचून दाखविले असेल, कोणी बंधाऱ्यासाठी गोण्या शिवल्या असतील, तर कोणी प्रथमच न अडखळता बातम्या वाचल्या असतील. वर्षाअखेर त्या वहीचे एकही पान कोरे राहिले नाही, तर ती शाळा यशस्वी झाली असे खुशाल समजावे. आणि पान कोरे राहिलेच, तर त्याबद्दल त्या मुलाला दोष देण्याआधी शाळेने स्वतःला विचारावे, की याची पाळी आपण चुकविली तर नाही ना?