गुळगुळीत काचेचा मोह

हल्ली नवीन गाडीचं कौतुक सुरू होतं ते स्क्रीनपासून. "दहा इंची आहे!" मायलेज, ब्रेक वगैरे नंतर. डॅशबोर्डवर बटण म्हणून नाही, नुसती काळीभोर काच. दिसायला झकास, वादच नाही.

पण मंडळी, भर पावसात खंडाळ्याच्या घाटात समोरची काच आतून धुरकटते, तेव्हा? जुन्या गाडीत एसीची चकती चाचपून फिरवली की झालं, नजर रस्त्यावरच. इथे आधी मेनू, मग तो चिमुकला आयकॉन, आणि बोट नीट पडलं का ते बघायला पुन्हा स्क्रीनकडे. ताशी ६० किमी वेगाने गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर जाते. तेवढं अंतर आपण आंधळे!

ही नुसती कुरकुर नाही. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाच्या 'जॉन एस. मॅकेन' या विनाशिकेची एका टँकर जहाजाशी टक्कर झाली आणि १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. सुकाणू आणि वेग, दोन्ही टचस्क्रीनवर. सुकाणूचा ताबा चुकून शेजारच्या स्क्रीनवर गेला होता. चालवणाऱ्याला वाटलं यंत्रणाच बंद पडली. वेग कमी केला, तर दोनपैकी एकाच प्रॉपेलरचा झाला आणि जहाज वळत गेलं. अपुरं प्रशिक्षण, अपुरी झोप ही कारणंही होतीच. पण २०१९ मध्ये नौदलाने ठरवलं, वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडेच बसवायचे. दांडा कुठे आहे ते हाताला कळतं. काच सगळीकडे सारखीच.

मग कंपन्या असं का करतात? कारण आमच्याच धंद्यातलं आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, टेस्टिंग लागतं. स्क्रीन एकदा लावली की उरलेलं सॉफ्टवेअरवाले बघून घेतील! शिवाय शोरूममध्ये गाडी उभी असते, आणि उभ्या गाडीत कुठलाच मेनू त्रास देत नाही.

युरोपात गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून निकष बदलले आहेत. इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर यांना खरी बटणं किंवा दांडे नसतील तर पूर्ण गुण नाहीत. चला, सुरुवात तरी झाली.

स्क्रीन काढून फेका असं माझं म्हणणं नाही. नकाशा, गाणी तिथेच बरी. पण चालत्या गाडीत जे लागतं त्याला बटण हवंच. पुढच्या टेस्ट ड्राइव्हला रिकाम्या, सरळ रस्त्यावर एवढं करा: नजर न हलवता एसीचा पंखा वाढवून बघा. नाही जमलं, तर सेल्समनला तसं स्पष्ट सांगा. क्लायंट ओरडल्याशिवाय रिक्वायरमेंट बदलत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? :)