भिंतीवर न मावलेली नावं

मुंबईत कुलाब्याच्या टोकाकडे जाणाऱ्या बसला ‘अफगाण चर्च’ नावाचा थांबा आहे. चर्चचं कागदोपत्री नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पण ते कुणी घेत नाही. ज्या लढाईच्या स्मरणार्थ ते बांधलं, त्या लढाईचंच नाव त्याला चिकटलं. भिलाईहून मुंबईला जाणारे आपले लोक गेटवे बघतात, कुलाब्याच्या बाजारात चार वस्तू घेतात आणि परत फिरतात. तिथून नौदलाच्या वसाहतीकडे थोडं पुढे गेलं की झाडांमागे हा उंच टोकदार मनोरा दिसतो. मराठी माणसाने आत जाऊन तिथे कोरलेलं एक वाक्य वाचावं, असं मला फार वाटतं.

त्या वाक्याचा आशय असा. १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत आजाराने किंवा तलवारीने जे मेले, त्यांच्या स्मरणार्थ हे चर्च आहे. त्यांतल्या अधिकाऱ्यांची नावं वेदीजवळच्या भिंतींवर लिहिली आहेत. साधे सैनिक मात्र इतके आहेत की त्यांची अशी नोंद करता येत नाही.

या ‘साध्या सैनिकां’त हिंदी शिपाई धरले आहेत की फक्त गोरे, हेही त्या वाक्यावरून उमगत नाही. आणि या मोहिमेला मुंबईहून गेलेलं सैन्य होतं कुणाचं? सर जॉन कीनच्या हाताखाली १८३८च्या अखेरीस मुंबई इलाख्याची फौज जहाजांतून सिंधच्या किनाऱ्यावर उतरली. बोलन घाट ओलांडून कंदाहारला गेली. जुलै १८३९ मध्ये गझनीचा दरवाजा सुरुंगाने उडवला गेला तेव्हा ती तिथे होती, परतताना कलातचा किल्लाही तिने घेतला. गोऱ्या पलटणींच्या बरोबरीने ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’च्या पलटणी होत्या. त्यांत कोकणातले आणि घाटावरचे मराठे होते, महार होते, अलिबागकडचे बेने इस्रायल ज्यू होते, अवधातून आलेले ‘परदेशी’ही होते. वाळवंटाची तहान, बोलनचे दगडगोटे, उंट मरून पडल्यामुळे अर्ध्यावर आलेला शिधा हे सगळं त्यांनी सोसलं. गावाकडे निरोप पोचला असेल तर महिन्यांनी.

चर्चवर खर्च काही कमी झाला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. ४ डिसेंबर १८४७ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी पायाचा दगड बसवला. इंग्लंडहून आलेला पहिला आराखडा परवडेना, म्हणून शहराचे इंजिनीअर हेन्री कॉनीबेअर यांनी नवा केला. मुंबईला विहार तलावाचं पाणी आणून देणारे तेच हे कॉनीबेअर. भिंती कुर्ल्याच्या पिवळसर दगडाच्या, कमानींना पोरबंदरचा दगड. वेदीच्या मागची सजावट, जाळ्या, जमिनीचं नक्षीकाम हे सगळं विल्यम बटरफील्ड या नामांकित वास्तुकाराचं. जमिनीवरच्या फरशा इंग्लंडच्या मिंटन कारखान्यातल्या, खिडक्यांच्या रंगीत काचा विल्यम वेल्सच्या. ७ जानेवारी १८५८ रोजी चर्चचं पवित्रीकरण झालं, पण मनोरा तेव्हा उभाच नव्हता. तो १८६५ मध्ये पुरा झाला, १९८ फूट उंच. त्याच्यासाठी सर कावसजी जहांगीर या पारशी दानशूराने ७,५०० रुपये दिले. एकूण खर्च पाच लाख पासष्ट हजारांच्या घरात गेला. समुद्रातून येणाऱ्या जहाजांना हा मनोरा लांबून दिसे आणि खलाशी त्यावरून अंदाज बांधत. आठ घंटा पुढे १९०४ मध्ये इंग्लंडहून आल्या.

वास्तू फार देखणी आहे. ऊन उतरतं तेव्हा काचांमधला रंग फरशीच्या नक्षीवर पसरतो आणि माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. पण अठरा वर्षं बांधकाम चाललं, सातासमुद्रापलीकडून फरशी आणि काच आली, आणि या सगळ्यात शिपायांच्या नावांसाठी जागा निघाली नाही. ती नावं मुंबईच्या लष्करी दप्तरात असणारच, कारण पगार नावावर निघत होता. यादीशिवाय फौज एक दिवस चालत नाही. म्हणून ‘इतके आहेत की नोंदता येत नाहीत’ हे मला पटत नाही. नोंदवायची गरज वाटली नाही, एवढंच खरं.

याच युद्धातली दुसरी एक गोष्ट शाळेपासून आपण ऐकत आलो आहोत. जानेवारी १८४२ मध्ये इंग्रज जनरल एल्फिन्स्टनची फौज काबूलहून माघारी निघाली. साडेचार हजार लढणारे आणि त्यांच्यासोबत बाराएक हजार बाजारबुणगे. आठवडाभरात बर्फात आणि गोळीबारात सगळं संपलं आणि डॉ. विल्यम ब्रायडन हा एकटा जलालाबादच्या तटाखाली घोड्यावरून पोचला. ही बंगालची फौज होती, मुंबईची नव्हे. पण ‘एकटा वाचला’ हा हिशेब कुणी मांडला बघा. ब्रायडनमागोमाग पुढच्या दिवसांत तुरळक हिंदी शिपाई आणि नोकरचाकर जलालाबादेत येत राहिले. काही काबूलच्या रस्त्यांवर थंडीने हातपाय झडलेल्या अवस्थेत भीक मागत राहिले, काही गुलाम म्हणून विकले गेले, काही महिन्यांनी सुटून आले. लढणाऱ्यांत बहुसंख्य हिंदी होते, तरी वाचलेल्यांच्या मोजणीत ते धरले गेले नाहीत.

इंग्रजांना नावं ठेवून मोकळं होण्याआधी पानिपत आठवावं. १७६१च्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळवणारं सावकारी पत्र प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. दोन मोती, सत्तावीस मोहरा, आणि खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. खुर्द्यात बाकी सगळे. ते पत्र सांकेतिक होतं, घाईचं होतं, दुःखाचं होतं हे मान्य. पण कुलाब्याच्या भिंतीवरचं वाक्य वाचताना मला तेच पत्र आठवलं. वरच्यांची नावं आणि खालच्यांची बेरीज, तीही अंदाजाने. ही रीत आपल्या घरचीही होती.

नावं कोरता येत होती याचा पुरावा इंग्रजांनीच ठेवला आहे. पुण्याजवळ कोरेगावला भीमेच्या काठी, १ जानेवारी १८१८च्या लढाईचा स्तंभ उभा आहे. त्याचं काम १८२१ मध्ये सुरू झालं, म्हणजे कुलाब्याच्या पायाच्या दगडाच्या सव्वीस वर्षं आधी. त्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं आहेत, ‘नाक’ हा प्रत्यय लागलेली बावीस महार नावं त्यांत आहेत, आणि मजकूर मराठीतही आहे. ती नावं होती म्हणून १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि आज दर १ जानेवारीला लाखो लोक जातात. दगडावर नाव असलं की दीडदोनशे वर्षांनीही कुणीतरी त्याला आपलं म्हणायला येतं. अफगाण चर्चमध्ये कोकणातून कुणी आपल्या पणजोबाच्या पणजोबाला शोधायला येत नाही. त्याने कुठल्या भिंतीशी उभं राहायचं?

आणखी एक तारीख इथे जोडून वाचावी लागते. चर्चच्या पवित्रीकरणाच्या तीन महिन्यांहूनही कमी काळ आधी, १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, मुंबईच्या मैदानात सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना बंडाच्या आरोपावरून तोफेच्या तोंडी दिलं. दोघेही मुंबईच्याच पलटणींतले. त्यांची नावं, त्यांच्या पलटणी, सगळं नोंदलेलं आहे. इमानाने लढून अफगाणिस्तानात मेलेल्या शिपायाचं नाव भिंतीवर आलं नाही; बंड केल्याचा ठपका आलेल्याचं नाव मात्र सरकारने नीट टिपून ठेवलं.

पुढे काळ बदलला का? थोडा बदलला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी युद्धस्मारकांसाठी आयोग नेमला आणि हुद्दा न पाहता प्रत्येकाला सारखा मान द्यायचा असं तत्त्व ठरवलं. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं कोरली गेली. पण मेसोपोटेमियात काय झालं ते महाराष्ट्राने लक्षात ठेवावं. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांनी घोड्याचं मांस आणि मूठभर पीठ यांवर दिवस काढले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि पुढे तुर्कांच्या कैदेत शेकड्यांनी मेले. त्यांचं स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याला झालं. तिथेही अधिकाऱ्यांची नावं दगडावर आणि हिंदी शिपायांची फक्त संख्या. कुलाब्यातलं वाक्य काही दशकांनी पुन्हा तसंच लिहिलं गेलं. २०२१ मध्ये त्या आयोगाने स्वतःच्या कारभाराचा अहवाल छापला, हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली.

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या कितीतरी गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एक छोटी पाटी असते: या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत. दोन आकडे आणि मुकी जागा. गावकऱ्यांना तेव्हा नावं तोंडपाठ होती, म्हणून पाटीची अडचण वाटली नसेल. ती तोंडं आता नाहीत.

भिलाईत बसून हे लिहिण्याला कारण आहे. आपलं गाव पोलाद कारखान्याबरोबर वसलं. चर्च, मशीद, गुरुद्वारा, गणपतीचे मंडप हे सगळं धमनभट्टीच्या मागोमाग आलं, त्यामुळे दोनशे वर्षांची स्मारकं इथे नाहीत. पण मृत्यू आधी आकड्याने आणि मग नावाने कळणं म्हणजे काय, हे या गावाला शिकवावं लागत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हनच्या गॅस पाइपलाइनवर स्फोट झाला तेव्हा दिवसभर सगळ्यांच्या मोबाईलवर फक्त संख्या फिरत होती आणि प्रत्येक सेक्टरमध्ये बायका एक नाव ऐकण्यासाठी दारात उभ्या होत्या. दहाहून जास्त माणसं गेली. ज्याने तो दिवस पाहिला, त्याला नाव आणि संख्या यांतलं अंतर माहीत आहे.

म्हणून एक मागणं आहे. विदर्भातून, साताऱ्यातून, कोकणातून इथे नोकरीला आलेल्या आपल्या घरांत ट्रंकेच्या तळाशी पलटणीचे कागद असतात, पेन्शनचं पुस्तक असतं, काळवंडलेलं पदक असतं. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक असेल तर ते मोडीत घालण्याआधी त्याची कड भिंगाखाली धरून वाचा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. ते एका वहीत उतरवून घ्या, खाली त्याचं गाव आणि बापाचं नाव लिहा, आणि एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीला पाठवा. पाटीवर आकडा असेल, तर त्याच्या शेजारी नाव लावायला सांगा.