गाळात साठलेला पाऊस

‘शंभर वर्षांतला सर्वाधिक पाऊस’, ‘पन्नास वर्षांतला सर्वांत कोरडा जून’ अशा बातम्या दर पावसाळ्यात येतात. तुलना त्याच्या फार मागे जात नाही, कारण नोंदीच नाहीत. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ सालची. म्हणजे पर्जन्यमापकाने पद्धतशीर मोजलेल्या देशव्यापी पावसाचा इतिहास जेमतेम दीडशे वर्षांचा, आणि मान्सून मात्र लाखो वर्षांचा. एवढ्यावरून त्याचा स्वभाव ठरवणे म्हणजे एका भेटीत सोयरीक जुळवण्यासारखे आहे.

त्याआधीच्या पावसाची वही डोंगरांतल्या सरोवरांच्या तळाशी असते. पाऊस आणि वितळलेले बर्फ दरवर्षी माती, वाळू, परागकण वाहून आणतात आणि थरावर थर साचत जातो. शास्त्रज्ञ तळात नळी खुपसून या गाळाचा उभा नमुना काढतात. वाळूचा जाडसर थर जोरदार प्रवाहाची साक्ष देतो. भोवती जंगल होते की खुरटी झुडपे, ते परागकण सांगतात. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन आधी उडून जातो, जड ऑक्सिजन मागे उरतो आणि शंख-शिंपल्यांत व चुन्याच्या कणांत बंदिस्त होतो. त्याचे प्रमाण वाढलेले दिसले, की बहुधा सरोवर आटत होते. थरांचे वय कार्बन-१४ वरून काढतात.

लडाखमध्ये साडेचार हजार मीटर उंचीवर त्सो मोरिरी सरोवर आहे. त्याचा गाळ सांगतो, की सुमारे ११ ते ९ हजार वर्षांपूर्वी मान्सून आजच्यापेक्षा बराच जोरकस होता. पृथ्वीच्या कक्षेतील बदलांमुळे तेव्हा उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात अधिक ऊन मिळत असे; जमीन जास्त तापे आणि समुद्रावरचे वारे जोराने आत येत. पुढे ते ऊन घटले, मान्सूनही ओसरला.

हा उतार संथ मात्र नव्हता. डोंगराखालच्या तळ्यांतून ते स्पष्ट दिसते. हरियाणातील कोटला दहर या प्राचीन तळ्यातल्या गोगलगायींचे शंख सुमारे ४१०० वर्षांपूर्वी मान्सून एकाएकी क्षीण झाल्याचे सांगतात. सिंधू संस्कृतीची नगरे ओस पडू लागली, तो हाच सुमार. आपल्या लोणारच्या गाळाचा अभ्यास भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. पाणी फार खारे झाले तरच तयार होणारे स्फटिक त्यात सापडले. त्यावरून प्रदीर्घ अवर्षणाचे दोन काळ दिसले : ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचे.

या वहीलाही मर्यादा आहेत. खडकातला जुना कार्बन पाण्यात मिसळला, तर थर आहे त्यापेक्षा जुना वाटतो. लडाखमध्ये हिवाळी पश्चिमी वारेही बर्फ आणतात, त्यामुळे सगळा ओलावा मान्सूनच्या खात्यावर टाकता येत नाही. म्हणूनच एका सरोवरावर विसंबून चालत नाही, अनेकांची साक्ष ताडून पाहावी लागते.

तरीही एक गोष्ट ठळक आहे. महाराष्ट्र दुष्काळ म्हटले की १९७२ आठवतो. गाळातले दुष्काळ मात्र शतकानुशतके चाललेले आहेत. त्या काळात पाऊस पडतच नव्हता असे नाही. वाईट वर्षे वरचेवर येत होती. धरणात किती पाणी येईल, याचा आपला हिशेब काही दशकांच्या नोंदींवर बेतलेला असतो. त्यात हा अनुभव कुठेच नाही. जलनियोजन करणाऱ्यांनी आपला सर्वांत वाईट अंदाज या जुन्या नोंदींशी पडताळून पाहायला हवा.

दुसरे काम याहून निकडीचे आहे. धरणातला गाळ काढून शेतात टाकणे योग्यच. तो गाळ काही दशकांचा असतो. नैसर्गिक सरोवराला तोच न्याय लावला, तर हजारो वर्षांचे थर एका हंगामात उकरले जातात. सुशोभीकरण आणि काठावरची बांधकामे यांचाही धोका आहेच. अशा सरोवरात यंत्र उतरवण्यापूर्वी गाळाचा उभा नमुना काढून जपणे बंधनकारक करावे. पाणी पुन्हा भरता येते. उकरलेले थर पुन्हा रचता येत नाहीत.